कपाट उघडा, स्पॅनिश शिका!

स्पॅनिशचा क्लास लावा नाहीतर मोबाइलवर ॲप घ्या, पहिल्या काही दिवसांतच घरातल्या वस्तूंची यादी समोर येते. मेसा म्हणजे टेबल, सिया म्हणजे खुर्ची, कामा म्हणजे पलंग, आर्मारिओ म्हणजे कपाट. रात्री घोकायचं, सकाळी विसरायचं! त्यापेक्षा एकच शब्द धरा आणि त्याचं सगळं खानदान ओळखून घ्या. आज आपण ‘आर्मारिओ’ घेऊ.

तुम्ही विदर्भातले असाल तर अर्धं काम झालंच. तिकडे कपाटाला सर्रास ‘अलमारी’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या वस्तूंबरोबर शब्दही इथे रुजले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी, म्हणजे सख्ख्या बहिणी. लॅटिनमधलं ‘आर्मारियुम’ म्हणजे हत्यारं-अवजारं ठेवायची जागा.

आता कपाट जरा निरखून बघा. दाराला बिजागरी आहे? स्पॅनिशमध्ये ती ‘बिसाग्रा’. चावी आहे? पोर्तुगीजमध्ये ‘शावि’, स्पॅनिशमध्ये ‘यावे’. एका कपाटात तीन शब्द, तेही न घोकता!

पण थांबा, गंमत लिंगात आहे. स्पॅनिश नाम पाठ करताना पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ त्याच्यासोबतच पाठ करायचं. मराठीत ‘ते’ कपाट, पण तिथे नपुंसकलिंगी नामच नाही. म्हणून ‘एल आर्मारिओ’. ती चावी ‘ला यावे’, ती बिजागरी ‘ला बिसाग्रा’. जमलं म्हणून लगेच खूश होऊ नका, आपला ‘तो’ पलंग तिकडे ‘ला कामा’ होतो!

शब्द वाक्यात बसला की पक्का होतो. ‘मी रोपा एस्ता एन एल आर्मारिओ’ म्हणजे माझे कपडे कपाटात आहेत. यातला ‘मी’ म्हणजे ‘माझे’ बरं का! आणि ‘सालीर देल आर्मारिओ’, शब्दशः कपाटातून बाहेर येणं, म्हणजे आपली लैंगिक ओळख उघडपणे सांगणं. हा अर्थ यादीत सापडत नाही.

देश बदलला की शब्दही बदलतो. मेक्सिकोत कपड्यांच्या कपाटाला ‘क्लोसेत’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘प्लाकार’. त्यामुळे एखादी मालिका बघताना वेगळा शब्द कानावर आला तर आपलं चुकलं असं समजू नका.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. ‘कार्पेटा’ म्हणजे कार्पेट नव्हे, कागदपत्रांची फाइल! कार्पेटला म्हणतात ‘आल्फोम्ब्रा’, आणि हा शब्द स्पेनमध्ये आला अरबीतून.

तर दोस्तहो, आज एक चिठ्ठी लिहा, ‘एल आर्मारिओ’, आणि घरातल्या कपाटावर चिकटवा. कपडे काढताना रोज मोठ्याने म्हणा. घरचे बघतील, हसतील. त्यांनाही शिकवा!