बोटे मोडणारा डॉक्टर आणि नखे राखणारा विद्यार्थी

इंग्रजीत जेथे बहुधा ‘हॅबिट’ या एकाच शब्दावर भागविले जाते, तेथे मराठीला निदान अर्धा डझन शब्द लागतात. रोज पहाटे उठणे ही सवय. बोलताना एक भुवई उंचावणे ही लकब. बसल्या जागी पाय हलवीत राहणे हा चाळा. दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणे ही खोड. टपालाची तिकिटे जमविणे हा छंद. पण ती जमविताना जेवणखाण विसरले की तो नाद. आणि जी गोष्ट सोडावयाची म्हटली तरी शरीरच सोडू देत नाही, ते व्यसन. शब्दांची ही विभागणी कोणा शास्त्रज्ञाने केलेली नाही. ती घराघरांतून आपोआप झाली आहे. तथापि शास्त्रीय लेखांचे भाषांतर करणाऱ्यास ती पदोपदी उपयोगी पडते. वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ आज ज्या भेदांचा विचार करतात, त्यांपैकी पुष्कळसे या शब्दांत अगोदरच येऊन बसले आहेत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. हे कितपत खरे आहे, आणि जी खोड जात नाही ती खरोखर घातक असतेच काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता एका मनुष्याने आपले निम्मे आयुष्य, किंबहुना आपला एक हात, खर्ची घातला.

डोनाल्ड अंगर हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानातील डॉक्टर. लहानपणी त्यांना बोटे मोडण्याची खोड होती, आणि तसे केल्यास पुढे संधिवात होतो असे त्यांची आई, मावश्या आणि कालांतराने सासूही त्यांना सांगत असे. अंगर यांनी वाद घातला नाही. त्यांनी डाव्या हाताची बोटे दिवसातून निदान दोनदा मोडण्याचा आणि उजव्या हाताची मुळीच न मोडण्याचा नेम धरला. हा नेम त्यांनी पन्नास वर्षे पाळला. वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे दोन वेळ, अशी पन्नास वर्षे म्हणजे किमान ३६,५०० वेळा त्या डाव्या हाताची बोटे मोडली गेली. १९९८ साली त्यांनी संधिवातविषयक एका वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून निष्कर्ष कळविला : संधिवात कोणत्याच हातास झालेला नाही, आणि दोन्ही हातांत काही फरकही दिसत नाही. २००९ साली त्यांना ‘इग नोबेल’ हे, अगोदर हसविणारे आणि मग विचार करावयास लावणारे, पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे बोटे मोडण्याला याहून निराळेच अर्थ आहेत. कोणाच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्यास शिव्याशाप देणे. उलट नातवाच्या गालांवरून हात फिरवून आजी आपल्या कानशिलांवर काडकाड बोटे मोडते, तेव्हा ती त्याची दृष्ट काढीत असते. त्या आवाजात शक्ती आहे, ही भावना दोन्हींत समान आहे. आवाज होतो तो मात्र हाडावर हाड घासून नव्हे. दोन हाडांच्या सांध्याभोवती एक बंद पिशवी असते आणि तीत वंगणासारखा एक द्रव असतो. बोट ओढले की सांध्यातील पोकळी वाढते, द्रवावरील दाब एकाएकी उतरतो, आणि त्यात विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपाने बाहेर पडतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर जे घडते त्याच जातीची ही क्रिया होय. बुडबुडा तयार होताना आवाज निघतो, असे लंडनमधील रॉस्टन आणि हेन्स यांनी १९४७ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने अनुमान केले. १९७१ साली लीड्सच्या संशोधकांनी ते उलटविले : आवाज बुडबुडा फुटण्याचा आहे. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात चुंबकीय प्रतिमाचित्रणाने सांधा ‘मोडतानाच’ पाहण्यात आला, तेव्हा आवाजानंतरही पोकळी जागेवरच असल्याचे दिसले. २०१८ साली मांडलेल्या एका गणिती प्रतिमानाने पुन्हा सुचविले की, बुडबुडा पुरता न फुटता अर्धवट आकसला तरीही तेवढा आवाज होऊ शकतो. आजीने क्षणार्धात केलेल्या एका कृतीवर सत्तर वर्षे चाललेला हा वाद मोठा गमतीचा आहे. वायू पुन्हा द्रवात विरघळण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणूनच एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही. हे कोणाही विद्यार्थ्यास घड्याळ समोर ठेवून ताडून पाहता येईल.

अंगर यांच्या प्रयोगात उणिवा आहेत. प्रयोगाचा विषय एकच मनुष्य, आणि निर्णय देणाराही तोच. १९९० साली डेट्रॉइट येथे ३०० लोकांची पाहणी झाली. त्यांपैकी ७४ जणांना बोटे मोडण्याची खोड होती. त्यांच्यात संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले नाही. मात्र हातास सूज असणे आणि पकड कमी असणे या गोष्टी अधिक आढळल्या. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांची बाजू अगदीच पडली असे म्हणता येणार नाही.

आता पुण्याकडे वळू. १९५२ साली श्रीधर चिल्लाळ हे शाळकरी विद्यार्थी होते. खेळताना त्यांच्या हातून एका शिक्षकांचे जतन केलेले लांब नख तुटले. शिक्षक रागावले. लांब नख राखण्यास किती निगा लागते हे तुला कळणार नाही, कारण तू कधी कशाची निगा राखलेली नाहीस, अशा अर्थाचे काही ते बोलले. चौदा वर्षांच्या मुलास ते लागले. त्याने डाव्या हाताची नखे कापणे सोडून दिले. रागाच्या भरात मुले असे अनेक पण करतात आणि आठवड्याभरात विसरतात. चिल्लाळ यांचा पण ६६ वर्षे टिकला. उजव्या हाताची नखे ते नेहमी कापीत. त्यांनी विवाह केला, संसार केला, छायाचित्रकाराचा व्यवसाय केला.

१७ नोव्हेंबर २०१४ रोजी गिनेस विक्रमग्रंथाकरिता त्यांची नखे मोजण्यात आली. अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटर भरले, तर्जनीचे १६४.५, मधल्या बोटाचे १८६.६, अनामिकेचे १८१.६ आणि करंगळीचे १७९.१. पाचांची बेरीज ९०९.६ सेंटिमीटर होते, म्हणजे नऊ मीटरांहून अधिक. सामान्य घराच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तरी एवढी लांबी होणे कठीण. ही नखे सरळ मात्र वाढली नाहीत. ती वळत गेली, आणि अंगठ्याचे नख तर घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळले गेले.

या आकड्यांवर थोडे गणित करण्याजोगे आहे. ६२ वर्षांत १९७८ मिलिमीटर, म्हणजे वर्षास सुमारे ३२ मिलिमीटर, दिवसास सुमारे ०.०८७ मिलिमीटर. हा वेग खरा मानावा काय? सुदैवाने ताडून पाहण्यास दुसऱ्या एका विक्षिप्त गृहस्थाची वही उपलब्ध आहे. विल्यम बीन या अमेरिकन वैद्याने १९४१ सालापासून दर महिन्याच्या प्रारंभी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने एक बारीक रेघ ओढण्याचा आणि ती टोकापर्यंत केव्हा पोहोचते याची नोंद ठेवण्याचा क्रम पस्तीस वर्षे चालविला. १९८० साली त्यांनी हा हिशेब प्रसिद्ध केला. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसास ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७ व्या वर्षी ०.०९५. नखाची वाढ वयाबरोबर मंदावते, हे त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर दाखविले. पुण्याचा अंगठा आणि अमेरिकेचा अंगठा यांचे आकडे एकमेकांपासून फार दूर नाहीत. चिल्लाळ यांचा आकडा थोडा कमी आहे, याचा अर्थ मात्र लगेच काढू नये. एवढ्या लांब नखांचे टोक झिजते, तुटते. तुटलेला तुकडा मोजपट्टीत येत नाही. त्याच कारणास्तव, सामान्यतः मधल्या बोटाचे नख सर्वांत वेगाने वाढत असताना चिल्लाळ यांच्या अंगठ्याचे नख सर्वांत लांब कसे, या प्रश्नाचेही उत्तर घाईने देता येत नाही.

नख ही मृत वस्तू आहे. केस, शिंग आणि खूर ज्या केराटिन नामक प्रथिनाचे बनतात, त्याचेच ते बनते. जिवंत असते ते त्याचे मूळ, त्वचेखाली दडलेले. म्हणून नख कापताना दुखत नाही आणि वाढताना त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्या हाताला ते वाहावे लागते, तो हात जिवंत असतो. झोपेत कूस बदलणे चिल्लाळ यांना कठीण जाई. हात एका बाजूहून दुसऱ्या बाजूस ठेवण्याकरिता ते वरचेवर जागे होत. विवाह जमण्यातही अडचण आली, असे त्यांनी सांगितले आहे. सर्वांत मोठी किंमत हातानेच दिली. वर्षानुवर्षे न हालविलेले सांधे आखडतात, स्नायू व कंडरा आखूड होतात; अखेर डावी मूठ उघडणे किंवा बोटे वाकविणे त्यांना शक्य राहिले नाही. ११ जुलै २०१८ रोजी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, न्यूयॉर्कच्या टाईम्स स्क्वेअरमधील रिप्ली यांच्या संग्रहालयात ती नखे विद्युत्-यंत्राने कापण्यात आली व तेथेच प्रदर्शनार्थ ठेवण्यात आली. नखे गेली, हात मात्र पूर्ववत झाला नाही.

अंगर आणि चिल्लाळ, दोघांनीही डावा हात पणास लावला. एकाचा हात जसाच्या तसा राहिला, दुसऱ्याचा निकामी झाला. कोणत्या खोडीवरून मुलास दटवावे आणि कोणतीकडे काणाडोळा करावा, हे खोडीच्या विचित्रपणावरून ठरत नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील अँड्राडे आणि श्रीहरी यांनी शाळांतील २०० किशोरवयीन विद्यार्थ्यांना नाकात बोट घालण्याविषयी प्रश्न विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते कबूल केले, आणि मध्यम प्रमाण दिवसास चार वेळा निघाले. ज्या गोष्टीस प्रत्येक घरात ‘तुझ्यासारखे घाणेरडे कोणी करीत नाही’ असे म्हटले जाते, ती बहुधा सगळेच करीत असतात.

मग खोड जाते ती कशी? विल्यम जेम्स यांनी १८९० साली सवयीवर लिहिताना ज्ञानतंतूंत पडणाऱ्या वाटांची कल्पना मांडली होती. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९९ साली, मॅसॅच्युसेट्स येथे ॲन ग्रेबिएल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वाटेचा मागोवा उंदरांत घेतला. चक्रव्यूहातून धावावयास उंदीर शिकत असता त्याच्या मेंदूच्या गाभ्यातील काही पेशी प्रथम सबंध धावेभर कार्य करीत; वाट अंगवळणी पडल्यावर मात्र त्या धावेच्या आरंभी आणि शेवटीच प्रामुख्याने जाग्या होत. मधला भाग जणू एक गाठोडे बांधून ठेवला गेला होता. नखे कुरतडणाऱ्या मुलाचेही असेच होते. बोट तोंडाकडे केव्हा गेले हे त्यास खरोखरीच कळत नाही; ‘पुन्हा नखे खाल्लीस?’ या प्रश्नावर ‘नाही’ म्हणताना तो खोटे बोलत असतोच असे नाही.

म्हणून अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली सुचविलेल्या उपायाची पहिली पायरी शिक्षा ही नसून जाणीव ही आहे. हात केव्हा उठतो, त्याआधी काय होते, कंटाळा येतो की भीती वाटते, हे मुलाने स्वतः ओळखावयास शिकावयाचे. दुसरी पायरी म्हणजे हात उठू लागताच त्याच्याशी विसंगत अशी दुसरी कृती करावयाची : मूठ आवळून धरावयाची, किंवा हातात एखादी वस्तू घट्ट पकडावयाची, आणि ती काही मिनिटे तशीच ठेवावयाची. नखे कुरतडणे, केस उपटणे, मान झटकणे अशा चाळ्यांवर ही रीत पुढे पुष्कळ वापरली गेली. बोटांना कडू औषध चोपडण्यापेक्षा ती निश्चितच सुसंस्कृत आहे.

परंतु ही रीत जेथे अपुरी पडते असे एक उदाहरण रायपूरच्या वाचकांच्या अगदी अंगणातले आहे. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते, आणि येथील मराठी कुटुंबांना महाराष्ट्रातील मिश्रीची ओळख आहे. तंबाखू भाजून, वाटून केलेली ती काळी पूड बायका दातांना लावीत. छत्तीसगडात तिची जागा गुडाखूने घेतलेली आहे. तंबाखूची पूड, गूळ, चुना, तांबडी माती आणि पाणी यांचे हे चिकट मिश्रण तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर चोळतात. प्रथम ते दंतमंजन म्हणून येते, सकाळी एकदा. मग जेवणानंतर. मग डोके दुखते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, आणि शेवटी काहीच कारण नसता. दात घासण्याच्या सवयीच्या पोटात दडून आलेले हे निकोटिनचे व्यसन होय. चोळणारा ‘मी तंबाखू खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका रोज हिरड्यांवर चोळीत असतो.

तंबाखूयुक्त दंतमंजनांवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. गुडाखू त्यानंतरही तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जात राहिला. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडातील प्रौढांपैकी ५३.२ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ३९.१ टक्क्यांवर उतरले, तेव्हा सबंध देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. सात वर्षांत चौदा टक्क्यांची ही घट लहान नव्हे. जित्याची खोड जाते, आणि लक्षावधी लोकांची जाते, याचा तो पुरावा आहे. मात्र येथे मूठ आवळून भागत नाही. निकोटिन थांबले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असतात, आणि पुष्कळांचा निश्चय तेव्हाच मोडतो. त्या दिवसांकरिता वैद्याचा सल्ला घ्यावा. २०१६ साली केंद्र सरकारने तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांकरिता विनामूल्य दूरध्वनी-सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ हा असून तंबाखूच्या वेष्टनांवरही तो छापण्यात येऊ लागला.