पितळेचा साप आणि मोतमावलीची मेणबत्ती

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात नटराजाचे शिल्प आहे आणि त्याच लेण्याच्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूसही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या शैव लेण्याचे चर्च केले. १७३९पर्यंत साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली. आज तिथे पुन्हा शिवपिंडीची पूजा होते. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्यांनी शिवाची पूजा थांबवली आणि ते चर्च मारियामातेच्या नावाने उभे केले. मग ख्रिस्ती धर्माच्या लेखी मूर्तिपूजा म्हणजे नेमके काय?

या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळींतच एकमत नाही. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील आज्ञा सगळ्यांच्याच दहा आहेत, पण त्यांची मोजणी वेगळी आहे. कॅथलिक परंपरेत कोरीव मूर्तीची मनाई पहिल्याच आज्ञेत येते. १८१३पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनच्या परंपरेत ती स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. त्यामुळे त्या वळणाच्या मराठी चर्चमध्ये साधा क्रूस दिसतो, संतांचे पुतळे दिसत नाहीत.

कॅथलिकांचे उत्तर ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या महासभेने दिले. आराधना एकट्या देवाची. प्रतिमेला फक्त वंदन, आणि ते वंदन प्रतिमेत न अडकता ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जाते. तत्त्व म्हणून हा भेद स्पष्ट आहे. पण गुडघे टेकलेल्या माणसाच्या मनात आराधना कुठे सुरू होते आणि वंदन कुठे संपते, हे महासभेला कसे कळणार?

मला याबाबत बायबलमधलीच एक कथा अधिक उपयोगी वाटते. अरण्यात सर्पदंशाने माणसे मरू लागली, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहणारा दंश झालेला माणूस वाचे. पुढे कित्येक शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू तीच, पितळ तेच. बदलला होता तो माणसांचा भरवसा. आधी साप देवाकडे बोट दाखवत होता, नंतर लोक त्या बोटालाच धरून बसले.

उपनगरांतल्या जुन्या गावठाणांत फिरताना ही कथा मला वारंवार आठवते. वांद्र्यापासून वरच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस आहेत; त्यांपैकी अनेक १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगच्या काळात उभारले गेले. सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत मिळते. ज्याला जे हवे ते तो मावलीला वाहतो, आणि वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. नवस ही आपली सर्वांची सामाईक भाषा आहे. तिच्यावर तुकोबांनी केलेली टीकाही मराठी वाचकाला नवी नाही.

मला धोका मेणात किंवा दगडात दिसत नाही, सौद्यात दिसतो. ‘मी इतके वाहतो, तू इतके दे’ असे म्हटले की देव साधन होतो आणि मागितलेली वस्तू देव होते. असा सौदा रिकाम्या भिंतीसमोर, डोळे मिटूनही करता येतो. म्हणूनच कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. पुतळा नसलेल्या चर्चमधला माणूसही पगार, फ्लॅट, मुलांचा परदेशी व्हिसा यांवर सारा जीव टांगून बसला असेल, तर पहिली आज्ञा त्यानेही मोडलेलीच आहे.

मग कसोटी कोणती? मागितलेले न मिळाल्यावर माणूस काय करतो, ही. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि लगेच पित्याची इच्छा आपल्या इच्छेच्या वर ठेवली. प्याला टळला नाही. प्लेगही क्रूस उभारल्याबरोबर थांबला नव्हता. साथ कित्येक वर्षे येत राहिली आणि घरे रिकामी होत गेली. तरीही मे महिन्यात अनेक गावठाणांतले लोक आजही क्रूसापुढे जमून रोझरी म्हणतात. ज्यांना त्या क्रूसाने वाचवले नाही, त्यांच्या घरच्यांनी त्याच्यापुढे केलेल्या प्रार्थनेला मी तरी मूर्तिपूजा म्हणणार नाही.