क्रॉसिंगचं स्टेशन

कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्यांना हे पाठ असतं. आजूबाजूला घर दिसत नाही, फेरीवाला नाही, अशा ठिकाणी गाडी थांबते आणि थांबूनच राहते. वीस-पंचवीस मिनिटांनी शेजारच्या रुळावरून एखादी एक्स्प्रेस धडधडत जाते, मग आपली गाडी हलते. डब्यातले लोक वैतागतात, त्यात त्यांची चूक नाही. पण ते स्टेशन तिथे मुळात याच कामासाठी बांधलेलं असतं. उतारूंची चढउतार हे त्याचं दुसरं काम.

आधी या मार्गाचा इतिहास. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. मार्ग आखला गेला ताशी १६० किलोमीटर वेगासाठी. एवढ्या वेगाला वळणं मोठी लागतात, त्रिज्या किमान १,२५० मीटर; चढही १५० ला १ पेक्षा तीव्र चालत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी या अटी पाळायच्या तर रूळ गावागावांतून वळवत नेता येत नाही. तो डोंगर पोखरून आणि खाड्या ओलांडून सरळ न्यावा लागतो. त्यातून स्टेशनाला जवळजवळ सपाट आणि लांबलचक जागा हवी. ती जिथे मिळाली तिथे स्टेशन झालं, गाव मात्र कोसांवर राहिलं. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड या नावांतला ‘रोड’ हेच अंतर सांगतो.

रूळ एकच आणि गाड्या दोन्ही बाजूंनी येणार. दोन स्टेशनांमधल्या पट्ट्याला रेल्वेत ‘सेक्शन’ म्हणतात आणि साधा नियम असा की एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. समजा सेक्शन १६ किलोमीटरचा आहे आणि गाडी ताशी ६० ने धावते. ती पार व्हायला १६ मिनिटं लागतात. मग समोरची गाडी सोडायची, तिला आणखी १६. म्हणजे एका जोडीला अर्धा तास गेला. मधोमध एक स्टेशन बांधलं की सेक्शन आठ-आठ किलोमीटरचे होतात आणि तेवढ्याच वेळात दुप्पट गाड्या काढता येतात. राजापूर रोड आणि वैभववाडी रोड यांच्यामधलं खारेपाटण रोड, वैभववाडी रोडच्या पुढचं आचिर्णे, इकडे वेरवली आणि कडवई अशी क्रॉसिंग स्टेशनं अलीकडच्या काळात उभी राहिली, त्यामागे हाच हिशेब आहे.

आता प्रत्यक्ष क्रॉसिंग कसं होतं ते पाहू. उत्तरेकडून पॅसेंजर येतेय, दक्षिणेकडून एक्स्प्रेस. गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कंट्रोल रूमचा फोन येतो: पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्या, एक्स्प्रेस मेनवरून, म्हणजे मुख्य रुळावरून काढा. स्टेशन मास्तरसमोर पॅनेल असतं, त्यावर स्टेशनातल्या रुळांचा नकाशा. सिग्नलचं बटण आणि ज्या मार्गाने गाडी घ्यायची त्या मार्गाचं बटण अशी दोन्ही बटणं एकदम दाबली की बाहेर रूळ बदलणारे सांधे सरकतात, जागेवर घट्ट बसतात आणि नकाशावर तो मार्ग पांढऱ्या दिव्यांनी उजळतो. सांधे नीट बसल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. मास्तरने कितीही बटणं दाबली तरी नाही. या रचनेला इंटरलॉकिंग म्हणतात. माणसाच्या हातून चूक झाली तरी ती रुळापर्यंत पोचू नये, यासाठी ती आहे. इंजिनातल्या लोको पायलटला स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलवर पिवळा दिवा दिसतो आणि त्याच्या डोक्यावर तिरक्या ओळीत पाच पांढरे दिवे. तेवढ्यावरून त्याला कळतं की आपल्याला लूपला घेतलंय, वेग उतरवायचा.

पॅसेंजर लूपमध्ये येऊन पूर्ण थांबते. मग सांधे पुन्हा मेन लाइनला लावून एक्स्प्रेससाठी सिग्नल दिले जातात. एक्स्प्रेस न थांबता जाते. तेव्हा मास्तर आणि पॉइंट्समन फलाटावर बावटा घेऊन उभे असतात. रात्री हातात हिरवा दिवा. त्यांची नजर चाकांवर असते. धूर येतोय का, काही लोंबकळतंय का, एखादं दार हलतंय का हे ते पाहतात. सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा डबा. त्यामागे मोठी पिवळी फुली रंगवलेली असते, ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) अक्षरांची पाटी असते आणि अंधारात तांबडा दिवा लुकलुकतो. ही खूण दिसली म्हणजे गाडी अखंड आली, मागे एखादा डबा सुटून राहिलेला नाही. ती खात्री पटल्यावरच मागच्या स्टेशनाला ‘सेक्शन मोकळा’ असं कळवायचं. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुडे बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. सुटलेला डबा अशा अंधारात उभा राहिला तर काय होईल, हे लक्षात घेतलं की त्या पिवळ्या फुलीचं मोल कळतं. आता चाकं मोजणारी यंत्रंही आहेत, तरी बावटा घेऊन उभं राहणं सुटलेलं नाही आणि सुटू नये.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासावर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीला अपघात झाला. त्यानंतर पावसातल्या वेगावर कडक बंधनं आली. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० वर आणतात. आपल्या १६ किलोमीटरच्या सेक्शनला मग १६ ऐवजी २४ मिनिटं लागतात, समोरची गाडी तेवढी जास्त थांबते आणि तो उशीर पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला वाढत जातो. म्हणून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं.

रोहा ते वीर हा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यामुळे कोलाड, माणगावला समोरच्या गाडीसाठी खोळंबा उरला नाही. कोलाडला तर दुसरंच मोठं काम आहे. भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेणारी रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ पासून इथून चालते.

वीरच्या पुढे मात्र मुख्यतः एकेरी रूळच आहे, आणि तिथे क्रॉसिंगसाठी बांधलेली ही स्टेशनं आसपासच्या वाड्यांना अनायासे मिळाली आहेत. गाडी तिथे तशीही थांबतेच. निदान दिवसाच्या दोन पॅसेंजरना जोडून तिथवर एसटी यावी, फलाटावर शेड आणि पाण्याचा नळ असावा. रूळ, सिग्नल आणि माणसं तिथे आधीच आहेत. यासाठी लागणारा खर्च त्यामानाने अगदी थोडा आहे.