किनारपट्टीवरील दैनंदिन त्वचानिगा आणि ‘क’ जीवनसत्त्व : रायगड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर मासळी वाळविणाऱ्या कोळी स्त्रिया, बागायतदार व मिठागरांतील कामगार यांचा बराच वेळ उघड्या उन्हात जातो. अलिबागच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. उन्हामुळे पडणाऱ्या काळपट डागांवर उपाय म्हणून ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम वापरले जाते. प्रस्तुत लेखात त्याचे कार्य, मर्यादा व वापरपद्धती यांचा विचार केला आहे.

कार्य :
१९२८ मध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळे केलेले हे द्रव्य म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होय. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या घडणीस ते आवश्यक असते. अतिनील किरणांमुळे निर्माण होणारे मुक्त मूलक ते निष्प्रभ करते, तसेच त्वचेचा काळसर रंग बनविणाऱ्या टायरोसिनेज या विकरास आवर घालते.

मर्यादा :
ज्या उन्हामुळे या द्रव्याची गरज भासते, तेच ऊन त्याचा नाशही करते. उष्णता, प्रकाश व हवा यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते. द्रावण तपकिरी झाल्यास ते टाकून द्यावे. लिंबाचा रस हा त्याचा पर्याय नव्हे. लिंबातील फ्युरोकुमारिन द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागल्यास फोड येऊन डाग अधिक गडद होतात. कोकणात परंपरेने वापरले जाणारे कोकमतेल भेगाळलेली त्वचा मऊ करते. मात्र ते ‘क’ जीवनसत्त्वाचे काम करीत नाही.

वापरपद्धती :
१. प्रथम हाताच्या आतील बाजूस लावून जळजळ होते का, हे पाहावे.
२. सकाळी धुऊन कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर १० ते २० टक्के तीव्रतेच्या सीरमचे काही थेंब लावावेत. याहून अधिक तीव्रतेने लाभ वाढत नाही, दाह मात्र वाढतो.
३. त्यावर मॉइश्चरायझर व शेवटी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. उन्हात काम असल्यास सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे.
४. लहान, गडद काचेची बाटली घ्यावी. ती घट्ट बंद करून थंड जागी ठेवावी.

निष्कर्ष :
‘क’ जीवनसत्त्व हे सूर्यसंरक्षणास पूरक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे. मर्यादित उत्पन्न असणाऱ्या कुटुंबाने प्रथम सावली, डोक्यावरील पदर वा टोपी आणि सनस्क्रीन यांची सोय करावी. सीरमवरील खर्च त्यानंतरचा. हा क्रम विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे.