बीकॉमच्या जोडीला कम्युनिकेशन: धंद्यात उपयोग काय?



कॉलेजात असलेले बरेच जण मला एक प्रश्न विचारतात. "सर, बीकॉम करतोय, पुढे स्वतःचं दुकान टाकायचंय. सोबत कम्युनिकेशन शिकू का? घरचे म्हणतात, बोलायला शिकायला पैसे कशाला घालवायचे?"

घरच्यांचं अगदीच चुकत नाही. नुसतं चारचौघांत बोलायची भीड मोडायची असेल, तर सुट्टीत महिनाभर एखाद्या दुकानात काउंटरवर उभे राहा, फुकटात मोडेल. पण विद्यापीठात जनसंज्ञापन म्हणून जे शिकवतात ते वेगळं आहे. सांगितलेली गोष्ट समोरच्यापर्यंत कशी पोहोचते आणि मध्येच कुठे अडकते, याचा तो अभ्यास आहे.

उदाहरण घेऊ. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४८ मध्ये पाच प्रश्न मांडले: कोण सांगतंय, काय सांगतंय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि परिणाम काय? आता हे माझ्या भांड्यांच्या दुकानाला लावून बघा. पाटीवर "उत्तम दर्जा, वाजवी दर" लिहिलं तर ते कोणाला सांगितलं? सगळ्यांना, म्हणजे कोणालाच नाही. त्याऐवजी लिहा, "कुकरची रिंग, शिट्टी, हँडल मिळेल. जुनी रिंग सोबत आणा." ज्यांच्या घरात कुकर बिघडून पडलाय ते थांबणारच. आणि परिणाम मोजताही येतो, दिवसभरात किती जण जुनी रिंग घेऊन आले ते वहीत लिहायचं.

दुसरं उदाहरण. काट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचं 'पर्सनल इन्फ्लुअन्स' हे पुस्तक १९५५ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं, की माध्यमांतली गोष्ट अनेकदा ओळखीच्या, शब्दाला वजन असलेल्या माणसांमार्फत बाकीच्यांपर्यंत जाते. आपल्याकडे अशी माणसं म्हणजे बचत गटाच्या ताई, सोसायटीचे सेक्रेटरी, गावातला वायरमन. हजार पत्रकं छापण्याआधी अशा पाच जणांची यादी करा.

मग बीकॉम सोडून हेच का करू नये? कारण मार्जिन, जीएसटी, स्टॉक हे दुसरं कोणी शिकवणार नाही. उधारी वसुलीचंच बघा ना. कोणाची किती थकली आणि किती दिवसांची, हे खातेवही सांगते. गिऱ्हाईक न तोडता पैसे कसे मागायचे, हा संवादाचा भाग. एक येतं आणि दुसरं येत नाही, तर पैसे तरी अडकतात नाहीतर गिऱ्हाईक तरी जातं.

आता रस्ते बघू.

१. डिग्रीच्या आतच. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आहे, त्यातले २४ मायनर विषयाला. प्रत्येक कॉलेजात कम्युनिकेशनचं मायनर असेलच असं नाही आणि क्रेडिटची विभागणीही बदलते. ऑफिसात जाऊन विचारा. हा सगळ्यात स्वस्त रस्ता.

२. दोन कोर्स एकाच वेळी. २०२२ पासून यूजीसीने याला परवानगी दिली आहे. दोन्हीकडे वर्गात बसायचं असेल तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक कॉलेजात आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. मात्र तुमच्या विद्यापीठाने हे स्वीकारलंय का आणि तो दूरशिक्षणाचा कोर्स मान्यताप्राप्त आहे का, हे आधी तपासा.

३. पदवीनंतर. पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा इग्नूमधून घरी बसून करता येतो. पुण्यात राहणाऱ्यांना विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट माहीत असेलच, वर्गात बसून शिकायचं असेल तर तिथले कोर्स बघा.

फी भरण्याआधी अभ्यासक्रम हातात घ्या. सगळा भर बातमी लिहिण्यावर आणि कॅमेऱ्यावर असेल, तर दुकानदाराला त्याचा उपयोग कमी. जाहिरात, जनसंपर्क, संवादाचे सिद्धांत, लोकांचं मत जाणून घ्यायच्या पद्धती असे विषय दिसले तर पुढे जा. आणि घरचं दुकान संध्याकाळी तुम्हीच सांभाळत असाल, तर तिसरा रस्ता धरा. दोन्हीकडे नापास होण्यात शहाणपण नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या धंद्याची, नाहीतर ओळखीच्या एखाद्या दुकानाची पाटी घ्या आणि लासवेलचे पाच प्रश्न तिला विचारा. "कोणाला" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर कोर्सचा विचार नक्की करा. घरच्यांना समजवायलाही तीच पाटी दाखवा.