सोफा, ससा आणि बागेतलं बाकडं

बोलून बरं होण्याच्या उपचाराला नाव दिलं ते एका पेशंटनं, डॉक्टरनं नव्हे! व्हिएन्नातली बर्था पापेनहाइम ही तरुणी १८८० ते १८८२ या काळात डॉ. योझेफ ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेत होती. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता तिचा हात लुळा पडला, दिसण्याबोलण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मनात साचलेलं ती सांगू लागली की त्रास ओसरायचा. या प्रकाराला ती ‘बोलण्याचा इलाज’ म्हणायची, कधी गमतीनं ‘धुराडं साफ करणं’. ती लगेच ठणठणीत झाली नाही, दवाखान्यांच्या वाऱ्या पुढेही चालू राहिल्या. पण हीच बर्था नंतर जर्मनीत अनाथ मुली आणि पीडित स्त्रियांसाठी झटणारी मोठी कार्यकर्ती झाली आणि १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीनं तिच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

सोफ्याचं गुपित
मनोविश्लेषक फ्रॉइड यांचा जगप्रसिद्ध सोफा ही एका पेशंटनं दिलेली भेट. आज तो लंडनच्या फ्रॉइड संग्रहालयात आहे. पेशंटला आडवं करून फ्रॉइड त्याच्या डोक्यामागे बसत, कारण दिवसाचे आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून बघावं हे त्यांना सोसवत नसे. जोफी नावाची त्यांची चाऊ-चाऊ कुत्री खोलीतच असायची. ती उठून जांभई द्यायला लागली की भेटीची वेळ संपली, अशी आठवण त्यांच्या मुलानं लिहून ठेवली आहे. आज समुपदेशकाकडे गेलात तर बहुधा समोरासमोर दोन साध्या खुर्च्या दिसतील.

शंभर नकार पचवणारा मुलगा
अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे होते आणि मुलींशी बोलायच्या कल्पनेनंच त्यांना घाम फुटायचा. मग त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायचं. महिनाभरात सुमारे शंभर जणींशी गप्पा झाल्या. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. पण भीती गेली ती गेलीच! नकारानं आभाळ कोसळत नाही, हे त्यांना पक्कं कळलं. याच एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. आपल्याकडे ती पद्धत रुजवली कि. मो. फडके यांनी, आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी घराघरांत पोहोचवली.

ससा आणि खाऊ
१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या चिमुरड्याची सशाची भीती घालवली. कशी? पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीत लांब ठेवायचा, मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता आणि पोरगं खूश! लिफ्टची, इंजेक्शनची, स्टेजची भीती आजही अशीच पायरीपायरीनं काढतात.

निळ्या टिका
मैत्रिणीनं मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ‘ती चिडलीय. माझंच काहीतरी चुकलं. कुणालाच मी नको आहे.’ तीन वाक्यांत आपण कुठून कुठे पोहोचतो! अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नेमकं हेच हेरलं, की आपसूक येणारे असे विचार माणूस तपासून न बघताच खरे मानतो. त्यांच्या पद्धतीत तो विचार कागदावर उतरवायचा. बाजूनं काय पुरावा, विरुद्ध काय, दुसरं कोणतं कारण असू शकेल? ती कदाचित लोकलमध्ये लोंबकळत असेल. महिनोन्‌महिने हा सराव केला की घरी, ऑफिसात, नात्यांतही त्याचा उपयोग होतो, आणि उपचार संपल्यावरही हे कसब आपल्याजवळ राहतं. मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

झोप येत नाही?
जुनाट निद्रानाशावर गोळीआधी विचार-वर्तनाचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा, उपचार करून बघा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. त्यातला एक नियम गमतीचा आहे: वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर सरळ अंथरुणातून उठायचं, आणि झोप आली की मगच परत जायचं.

आजीबाईंचं बाकडं
झिम्बाब्वेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक पेशंट दगावली. दवाखान्यात यायला बसभाड्याचे पैसे नव्हते, म्हणून. देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिबांडांनी २००६ मध्ये हरारेतल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाकडं, त्यावर आजी आणि तिच्याशेजारी मन मोकळं करणारा माणूस. आजी सल्ले देत सुटत नाही. ती ऐकते, सगळ्या अडचणी एकेक करून सांगायला लावते, मग विचारते, यातली आधी कोणती धरायची? आणि त्या एकीवर या आठवड्यात झेपेल असं छोटं पाऊल दोघं मिळून ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ जण होते. सहा महिन्यांनी नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती, बाकड्यावर बसलेल्यांत मात्र सुमारे १४ टक्क्यांत!

गोव्यात ‘संगथ’ संस्थेनंही असंच सिद्ध केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भर होता बंद पडलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करण्यावर: शेजारणीकडे जाणं, बागेला पाणी घालणं. मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी हातपाय हलवायचे. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या सेवेत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

जायचं ठरवलंत तर
पहिल्या दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर समुपदेशक बदला, त्यात कुणाचा अपमान नाही. चांगला उपचार व्हायला हे नातं जुळणं फार महत्त्वाचं असतं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि फीची किंवा लांबच्या दवाखान्याची अडचण असेल, तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.