गायकाचा घसा, बँडवाल्याचा कान: कलावंतांनी दवाखान्यात कधी जावे?

शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, 29 ऑगस्ट 1969 रोजी इंदापूरजवळ अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेला तो आवाज एका क्षणात थांबला. एरवी आवाज असा एकदम जात नाही, हळूहळू जातो. म्हणूनच आपले कव्वाल, नातख्वाँ आणि शाहीर तिकडे लक्ष देत नाहीत.

उरूस-जत्रांच्या दिवसांत रोज रात्री गाऊन स्वरतंतूंना सूज येते. मग कार्यक्रमाच्या दिवशी कुणीतरी इंजेक्शन देतो आणि आवाज मोकळा होतो. हे स्टेरॉइड असते. सूज उतरते, पण इजा तशीच राहते; त्यावर तान मारली तर तंतूत रक्तस्राव होऊ शकतो. घसा बसला की गप्प राहावे. कुजबुजण्यानेही ताण पडतो (आम्हा शिक्षकांनाही हे कुठे जमते म्हणा!). घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर दुर्बिणीने घसा तपासून घ्यावाच. स्वरतंतूवर गाठ असू शकते, आणि तंबाखू-विडीवाल्यांत ती कॅन्सरची पहिली खूणही असू शकते.

बँड, ताशा, बँजोवाल्यांचे दुखणे कानाचे. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो असे धरतात, पण 100 डेसिबलला मर्यादा उरते फक्त 15 मिनिटांची! वरात तर तासन् तास चालते. कानात शिट्टी वाजत राहिली की समजावे. गेलेले ऐकणे परत येत नाही. कापसाच्या बोळ्याने भागत नाही, इअरप्लगच लागतात. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनी थिनर बंद खोलीत वापरू नये, रंगाच्या हाताने जेवू नये.

जायचे कुठे? बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे कान-नाक-घसा विभाग आलाच. बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली आणि इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय ही आरोग्य खात्याची. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. केसपेपर काढताना "मजुरी" सांगू नका, "गातो", "ताशा वाजवतो" असे स्पष्ट सांगा. डॉक्टरांचे प्रश्न तिथूनच बदलतात.

ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, फक्त आजार योजनेच्या यादीत हवा. साध्या तपासणीचा आणि गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळतात का, हे आजच पाहा; "शेख"चे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचे असणे आपल्याकडे नवीन नाही.